पलीकडचे बेडूक

सेल्सो डोंगरापलीकडून घरजावई म्हणून आला आणि जन्मभर ‘पलीकडचा’च राहिला. बटाटे पिकवले, लामांचे कळप राखले, गावाच्या प्रत्येक कामाला खांदा दिला. लोकांना काय, जीभ फुकटची असते. बायको दोमितिला गेली, तेव्हा दफनभूमीत तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतःसाठी मागितली. गावाचा म्होरक्या फेलिसियानो म्हणाला, “ती इथं जन्मलेल्यांची.” ते शब्द सेल्सोला आतून कुरतडत राहिले.

त्या वर्षी पाऊस रुसला. अशा वेळी तळ्यातले बेडूक पाण्याच्या मडक्यात घालून शिखरावर उन्हात ठेवायचे, ही रीत. पाणी आटू लागलं की ते रडतात आणि डोंगराला दया येते. पण तळंच आटलेलं. बेडूक औषधालाही उरला नव्हता.

“माझ्या गावच्या झऱ्यात आहेत,” सेल्सो म्हणाला.

“परक्यांची रड आपला डोंगर कशाला ऐकतोय!” फेलिसियानो फिस्कन हसला.

सेल्सोची मुलगी नेल्वा शहरात, ला पासला, बेडकांचा अभ्यास करायची. सुट्टीवर आलेली ती फेलिसियानोला म्हणाली, “काका, रंगावर जाऊ नका. इथला तपकिरी, तिथला हिरवट, एवढंच. पूर्वी शिकलेले लोकसुद्धा असेच फसले आणि वेगवेगळी नावं देऊन बसले. पेरूपासून अर्जेंटिनापर्यंत या डोंगररांगेत पसरलेली ही एकच जात आहे.”

“आणि माणसांचं काय?” सेल्सो पुटपुटला.

“पण बाबा, काम झालं की त्यांच्याच पाण्यात परत सोडा. एका पाण्याचा रोग दुसऱ्याला नको.”

सेल्सोनं बेडूक आणले आणि मडकं शिखरावर नेलं. दुपारी ते कण्हू लागले. संध्याकाळच्या आत आभाळ भरून आलं, आधी गारा, मग धो धो पाऊस. फेलिसियानो लहान पोरासारखा नाचत होता.

“सोड रे त्यांना आपल्या तळ्यात! आता आपलेच ते!”

सेल्सोचा तोल सुटला. “एक दुपार रडले आणि आपले झाले? दोमितिलाला माती देताना मी काय कमी रडलो होतो?”

सेल्सोनं मडकं पाठीला बांधलं आणि भिजतच पलीकडची वाट धरली. एवढं बोलून गेल्यावर परत यावं का, हेच त्याला कळेना.

तो वळणावर पोचला, तेव्हा मागून फेलिसियानोची हाक आली.

“सेल्सो! लवकर ये रे परत. तिच्या शेजारी तण माजलंय. तुझी जागा तूच साफ कर, आम्ही नाही करणार!”