पोचल्याचा फोन

आमच्या घरात प्रवासाला जाणाऱ्याला बाकी सगळी सूट असायची, पण पोचल्याचा फोन चुकवायची नव्हती. पुण्याहून साताऱ्याला गेलं तरी फोन आणि मी न्यूझीलंडला नोकरीला आले तरी फोन. तो उचलायचे बाबा, कारण त्यांची खुर्ची फोनच्या शेजारीच. "पोचलीस? हवा कशी आहे?" एवढं विचारून झालं की ते म्हणायचे, "थांब, आईला देतो." मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, सपातांचा फटफट आवाज करत स्वयंपाकघराकडे जाणं, आणि पुढचा सगळा वेळ आईचा. बाबांशी माझं भांडण नव्हतं की अबोला नव्हता. आमचं सगळं बोलणं आईमार्फत चालायचं, इतकंच. माझ्या पगारवाढीपासून त्यांच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं तिच्या हातून इकडून तिकडे जायचं.

आई गेली आणि आम्ही दोघं उघडे पडलो. मी दर रविवारी अप्पर हटहून, म्हणजे न्यूझीलंडमधल्या माझ्या गावाहून, फोन करायचे. "हवा कशी आहे?" "थंड." "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." त्यानंतर फोन ठेवायला निमित्त शोधणं दोन्हीकडून सुरू व्हायचं. बोलणं दर आठवड्याला आखूड होत होतं आणि मला त्याची खरंच भीती वाटत होती. एखाद्या रविवारी हवासुद्धा विचारायची राहून जाईल, आणि मग पुण्यात माझं म्हणून काही उरणार नाही, असं वाटायचं. मला ना भाऊ ना बहीण, आणि लग्न केलेलं नव्हतं.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते. तिथली आमची मुख्य बाई माझ्या मागेच लागली होती. "तुझी हीप्स, ढीगभर रजा साठलीये, जा कुठेतरी. नाहीतर मीच तुला घालवते." तेव्हा मी क्वीन्सटाउन निवडलं ते आईमुळे. आईला पत्त्यांचं भयंकर वेड. दुपारचं जेवण झालं की बाबांना पेपरमधून ओढून काढून रमी खेळायला बसवायची. क्वीन्सटाउनला बर्फाचे डोंगर, तळं आणि वर कॅसिनोही आहे असं मी एकदा फोनवर सांगितलं, तर डोंगर आणि तळं बाजूला ठेवून ती म्हणाली, "पत्ते खेळायला वेगळं घर बांधतात? मला न्यायचंस हं तिथे." व्हिसासाठी दोघांचे फोटोसुद्धा काढून झाले होते. मग तिचं दुखणं आलं.

मोटेलच्या काउंटरवरच्या बाईने इथल्या रिवाजाप्रमाणे किल्लीबरोबर दुधाची छोटी बाटली दिली आणि माझ्या खांद्यामागे बघत विचारलं, "एकटीच?" एकटीच, म्हटलं. खोलीत दोन पलंग, दोन कप आणि खिडकीतून दिसणारं निळंशार तळं. मी मेतकूट-तांदूळ घेऊन आले होते. कुकर नव्हता, पण पातेलं होतं. भात टाकला आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे वाण्याकडून, फोनचं कार्ड आणून पुण्याला फोन लावला.

"पोचले."

"बरं. हवा?"

"थंड आहे, पण ऊन आहे."

"बरं."

झालं. नवं कोरं कार्ड हातात तसंच राहिलं. भात खाली लागला होता, तो खाल्ला.

सुट्टीत मजा नव्हती असं मी म्हणणार नाही. एप्रिल होता, तळ्याकाठची झाडं पिवळीजर्द झाली होती. गोंडोलात, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यात, बसून डोंगरावर गेले. खाली सगळं गाव मुठीत मावेल एवढं दिसत होतं आणि डोक्यावरून रंगीबेरंगी छत्र्यांना लटकलेली माणसं आनंदाने किंचाळत जात होती. जुन्या, कोळशावर चालणाऱ्या बोटीतून फिरले. तिथे एक बाई पियानो वाजवत होती आणि म्हातारे-म्हाताऱ्या घसा ताणून गात होते. सगळं सुंदर होतं. पण सुंदर काही दिसलं की माझी मान आपोआप बाजूला वळायची, आणि बाजूला कुणी नसायचं. शिवाय आपल्याकडची हनिमूनला आलेली जोडपी. मला पाहिलं की "दीदी, एक फोटो प्लीज" म्हणत कॅमेरा हातात द्यायची. मी इतक्या जोडप्यांचे फोटो काढले की गावात स्टुडिओ टाकला असता तर चालला असता. माझा फोटो काढू का, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मला राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त एकटं वाटत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी कॅसिनोत गेले. जायला मन घेत नव्हतं, पण आईला कबूल केलं होतं. मला वाटलं होतं झुंबरं असतील, शालू नेसल्यासारख्या बायका असतील. प्रत्यक्षात मऊ गालिचा, टुणटुणणारी यंत्रं आणि फ्लीसची जाकिटं घातलेली चार सुस्त माणसं. एका टेबलावर एकवीसचा डाव चालला होता. पत्ते वाटणारी बाई माझ्याच वयाची होती. "किया ओरा," असा माओरीत नमस्कार करून तिने स्टूल दाखवलं. शेजारी लोकरी टोपी घातलेले एक गोरे आजोबा होते, दक्षिणेकडचे मेंढपाळ असावेत. पैशांच्या जागी रंगीत चकत्या घ्यायच्या असतात, तशा मी थोड्या घेतल्या.

पहिल्याच डावात एक चकती हातातून निसटली, गालिच्यावर पडली आणि शोधताना तिच्यावर माझा पाय पडला. लहानपणापासूनची सवय, मी विचारही केला नाही. वाकले, चकती उचलली, दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली आणि मगच टेबलावर ठेवली. पैशाला पाय लागला, लक्ष्मीला नमस्कार करायला नको?

तो डाव नेमका मी जिंकले.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मग चकतीकडे. मग त्यांनी आपली एक चकती मुद्दाम खाली टाकली, तिच्यावर बूट ठेवला, कण्हत वाकून उचलली आणि टोपी वर सरकवून कपाळाला टेकवली. अहो, मुद्दाम पाय लावायचा नसतो, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना. आणि तेही जिंकले! पत्ते वाटणारी बाई म्हणाली, "आता माझ्या टेबलावर हे रोज होणार."

मी बाहेर आले ती हसतच. तळ्याकाठच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर हसू ओसरलं, कारण हे सांगायला त्या अख्ख्या गावात कुणी नव्हतं. ज्याला सांगितलं असतं त्याला आधी लक्ष्मी समजवावी लागली असती. सांगायचं होतं ते आईला. नंबर मात्र तोच होता. पुण्यात सकाळच्या दुसऱ्या चहाची वेळ होती. रस्त्याकडेच्या फोनबूथमध्ये शिरले आणि कार्ड वापरून नंबर लावला.

"काय झालं? बरी आहेस ना?" बाबा घाबरले. पोचल्याचा फोन तर होऊन गेला होता.

"बरी आहे. कॅसिनोत गेले होते."

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग, "रमी असते का तिथे?"

"नाही. एकवीस. चकती पडली आणि तिला पाय लागला, बाबा." असं म्हणून मी सगळं सांगत सुटले. आजोबांनी मुद्दाम बूट ठेवला इथपर्यंत आले आणि पलीकडून एक आवाज आला. बाबा हसत होते. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता.

"मुद्दाम? लक्ष्मीवर बूट?"

"आणि जिंकले!"

"म्हणजे तुझ्या आईच्याच पंथातले," बाबा म्हणाले. "ती जोकर मांडीखाली दाबून बसायची. रोज."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिसायचा की. अर्धा बाहेर असायचा."

"मग कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी खेळायला बसली असती का माझ्याशी?"

हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. आईनेही कधी सांगितलं नव्हतं, कारण बाबांना जोकर दिसतो हे तिला माहीतच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, आजोबांनी चकती नुसती कपाळाला लावली की डोळ्यांनाही? मी म्हटलं, टोपी मागे सारून, अगदी साग्रसंगीत. बाबांना हसता हसता ठसका लागला.

"अगं थांब, थांब," ते म्हणाले, "आईला देतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. सपाता फटफटत स्वयंपाकघराकडे निघाल्या, आणि मधेच थांबल्या.

मी फोन घट्ट कानाशी धरून उभी राहिले. बूथच्या काचेपलीकडे एक जोडपं कॅमेरा घेऊन फोटो काढणारं माणूस शोधत होतं. बऱ्याच वेळाने सपाता परत आल्या, अगदी हळू.

"आहेस ना?"

"आहे, बाबा."

त्यांनी नाक ओढलं. "चकती पडली ना," ते म्हणाले, "तिथपासून परत सांग."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.