शहाणा मुलगा घरी ठेवायचा

सांगलीच्या कॉलेजात जायला मी निघालो, त्या सकाळी आमच्या घरात दोघांचे चेहरे पडले होते. एक माझा, कारण मला जायचं नव्हतं. दुसरा माझ्या धाकट्या भावाचा, म्हादूचा, कारण त्याला जायचं होतं. बाकी सगळे खूश होते. शेजारपाजारची माणसं ओसरीवर जमली होती. आई माझ्या ट्रंकेत चटणीची बरणी कुठे बसते ते बघत होती. आबा, म्हणजे आमचे वडील, बैलांना पाणी दाखवून आणत होते. साल एकेचाळीस, जून महिना. ताकारीच्या स्टेशनापर्यंत बैलगाडी आणि पुढे मिरजेवरून आगगाडीने सांगली, असा प्रवास होता. गाडी हाकायला अर्थातच म्हादू.

आबा निघताना फार काही बोलले नाहीत. "जिवाला जप. नदीत लय आत जाऊ नगंस," एवढंच मला म्हणाले. मग म्हादूकडे वळून डावा बैल कसा लंगडतोय, ओढ्यात गाडी कुठून घालायची, परत येताना कुणाकडे थांबायचं, असं बराच वेळ सांगत राहिले. मी ट्रंकेवर बसून ते ऐकत होतो. मला वाटत होतं, या बैलांबद्दल मलाही कुणीतरी काहीतरी सांगावं.

वाटेभर म्हादू मला विचारत होता. "दादा, कॉलेजात काय शिकवत्यात रं?"

"मला काय म्हाईत," मी म्हणालो. माझं नाक गळत होतं आणि मला ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

"आरं, काय तरी ठावं आसंल की. वर्गाच्या भाईर उबं ऱ्हाऊन ऐकलं तर हाकलत्यात का?"

स्टेशनात त्याने माझी ट्रंक डब्यात चढवली आणि खिडकीचा गज धरून उभा राहिला. गाडी हलायच्या आधी म्हणाला, "दादा, तू घरी ऱ्हायला आसतास आन् मी गेलो आसतो, तर कुनाचं काय बिगडलं आसतं रं?" रागाने नाही, नुसतंच विचारलं. गाडी हलली तेव्हा त्याने गज सोडला.

आमच्या गावाची रीत परक्याला जरा चमत्कारिक वाटेल. कृष्णाकाठची आमची काळी जमीन, ऊस चांगला येणारी, आणि घरोघरी दोन-तीन मुलगे. त्यातला अंगाने दणकट असेल तो पलटणीत जायचा, हुशार असेल तो जमिनीवर राहायचा आणि जो कशालाच लागत नाही त्याला गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत घालायचे. बाहेरच्या जगात याच्या बरोबर उलटं चालतं हे मला सांगलीला गेल्यावर कळलं. आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोराची बायाबापड्या कीव करायच्या. "गुणाचा हाय बिचारा, पर जमत न्हाई त्येला," असं माझ्याबद्दल माझ्यासमोर बोललेलं मला आठवतं.

माझी निवड मोटेवर झाली. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. बैल उताराने पुढे चालवले की ती भरून वर येते, आणि ते पाठमोरे मागे आणले की खाली जाते. पुढे कोणीही चालवेल, मागे आणण्यातच सगळी खुबी असते. एके सकाळी आबांनी आम्हा दोघांना पाळीपाळीने मोट धरायला लावली. म्हादूने नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि बैल शहाण्यासारखे मागे आले. माझ्या वेळी ते मान वळवून माझ्याकडे बघत बसले. मी ओढलं, ओरडलो, शेवटी हात जोडायचे तेवढे बाकी राहिले. दोर चाकावरून घसरला आणि मोट वेडीवाकडी होऊन विहिरीत आपटली. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी दोर माझ्या हातातून काढून घेतला आणि आईला म्हणाले, "ह्येला तालुक्याच्या शाळंत घालू."

तेव्हापासून मी रोज तालुक्याच्या इंग्रजी शाळेत चालत जायचो आणि चालत परत यायचो. म्हादू गावच्या शाळेत सातवी झाला, तेही कामं सांभाळून. तो पास झाला तेव्हा गावचे गुरुजी स्वतः आमच्या घरी आले. ओसरीवर बसून त्यांनी आबांना परोपरीने सांगितलं, की एवढी वर्षं शिकवतोय, पण असं डोकं पाहिलं नाही, याला पुढे पाठवा.

आबांनी त्यांना सुपारी दिली आणि म्हणाले, "डोस्कं हाय म्हनून तर घरी ठिवलाय, गुरुजी. म्हसरं, पाऊसपानी, भावकी, पाटाची पाळी, ह्या समद्यात डोस्कं लागतंय. शाळंत काय, दुसऱ्यानं लिवल्यालं वाचायचं. ते थोरला करंल."

गुरुजी हसावं की रडावं अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिले. म्हादू दाराआड उभा होता. त्याने ते सगळं ऐकलं. संध्याकाळी तो माझं इंग्रजी पुस्तक घेऊन गोठ्यात जाऊन बसला आणि जेवायला हाका मारल्या तरी आला नाही. आबांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्याइतका व्यवहाराने शहाणा माणूस मी पुढे कॉलेजातही पाहिला नाही. कुणाचं भांडण कुठे अडलंय, कुणाची सोयरीक टिकेल, कुठल्या रानात काय पेरावं, हे विचारायला लांबलांबून लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. जमीन ही सगळ्यात अवघड गोष्ट, म्हणून तिला सगळ्यात चांगला मुलगा द्यायचा.

सांगलीत मला दोन वर्षं करमलं नाही. बोर्डिंगातली मुलं वाईट नव्हती. मेसमध्ये पोळी असायची आणि मला भाकरी हवी असायची. पेठेत हळदीचा वास इतका दाटलेला असे की कपड्यांना लागायचा. संध्याकाळी मी घाटावर जाऊन बसे. तीच कृष्णा आमच्या गावाखालून वाहत येते, म्हणून ते पाणी जरा ओळखीचं वाटे. हळूहळू लेक्चर, टर्म, लायब्ररी हे शब्द जिभेवर बसले. लॉजिक मला आवडू लागलं. आपण अगदीच टाकाऊ नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं ते तिथे. हे मी उपकार म्हणून मानतो. पण परीक्षेत चांगले मार्क मिळाले की मनात यायचं, हे कुणाला सांगू? घरी सांगितलं असतं तर आबा म्हणाले असते, बरं झालं, बिचाऱ्याला काहीतरी जमलं.

सुट्टीत गेलो की म्हादू मला सोडत नसे. उसाला पाणी पाजता पाजता मला शिकवायला लावी. मी जे पाठ केलेलं असे ते सांगायचो, आणि तो मध्येच असा काही प्रश्न विचारायचा की मला थांबावं लागे. "पृथ्वी फिरती तर नदी एकाच अंगाला का वाहती?" असलं काहीतरी. मी म्हणायचो, विचारून सांगतो. तो मान डोलवायचा आणि खोऱ्याने पाट वळवायचा. तो खोऱ्याकडे बघत नसे, माझ्याकडे बघत असे, आणि पाणी मात्र बरोबर जिथे जायचं तिथे जाई.

मग लढाईच्या भरतीची माणसं बाजाराच्या गावात येऊ लागली. म्हादू गूळ घेऊन बाजारात गेला होता. तिथे कुणीतरी सांगितलं की पलटणीत शाळा असते, परीक्षा असतात, सर्टिफिकेट मिळतं, आणि तिथे बाप काय म्हणतो ते कुणी विचारत नाही. संध्याकाळी आमची गाडी शेजारच्या माणसाने हाकत आणली. म्हादूने त्याच्याजवळ निरोप दिला होता, "आबाला सांग, शिकाया चाललोय."

आईने मला नंतर सांगितलं, की आबांनी बैल सोडले, वैरण टाकली, आणि मग म्हणाले, "शिकाया?" तो शब्द त्यांना कळतच नव्हता. पलटण म्हटलं असतं तर कळली असती. गावातली कितीतरी पोरं गेली होती.

बेळगावच्या छावणीतून म्हादूची कार्डं मला सांगलीला यायची. ती आनंदाने भरलेली असत. इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला शिकलो, तिसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट झालं, मग त्याच्या वरचं, दुसऱ्या वर्गाचं झालं, आता नकाशा वाचायला शिकवतात. आमच्या दोघांत खरा विद्यार्थी तोच होता. बोटीवर चढताना त्याने लिहिलं होतं, की परत आलो की तुझ्या कॉलेजात येऊन वर्गाबाहेर उभा राहतो. लढाईबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. एका दुपारी बोर्डिंगच्या दारात आबा उभे दिसले. डोक्याला पटका, हातात काठी, पायात धूळ. ते कधी सांगलीला आले नव्हते. त्यांना बघितल्यावरच मला कळलं. मी दिलेलं पाणी ते प्यायले. मग म्हणाले, "म्हादू गेला. पाटलांनी सांगितलं. इटली म्हनून कुठं हाय म्हनं. तुला ठावं आसंल."

लढाई चालू असल्यामुळे कॉलेजच्या लायब्ररीत जगाचा मोठा नकाशा टांगलेला होता. मी त्यांना तिथे घेऊन गेलो. हे सातारा, ही मुंबई, हा समुद्र, आणि ही इटली, असं बोट फिरवून दाखवलं. आबांनी सगळं नीट बघितलं. एका हाताचा अंगठा मुंबईवर आणि करंगळी इटलीवर पोचते का, ते बघितलं. मग त्यांनी विचारलं, "माती कसली हाय तिकडं? काळी का तांबडी?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. "आसू दे," आबा म्हणाले. खुर्च्यांवर मुलं वाचत बसली होती, त्यांच्यासमोर आम्ही दोघं त्या नकाशापुढे उभे राहून रडलो. मी शिकलो त्याचा आमच्या घराला झालेला पहिला उपयोग हा होता.

त्यानंतर मी बी.ए. झालो. पेढे कुणी वाटले नाहीत. मी आबांना म्हणालो, "मी घरी येतो. मळा बघतो."

"तुजं काम न्हाई त्ये," आबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. जे आहे ते त्यांनी सांगितलं. त्यांनी जमीन वाट्याने कसायला दिली आणि मी पुण्याला हायस्कुलात मास्तर झालो. लग्न झालं, दोन खोल्यांची जागा मिळाली. पुण्यात चहाच्या वेळी शिक्षकांत नेहमी वाद निघतो, की डिग्री मोठी की अंगचं शहाणपण. दोन्ही बाजू जोरात बोलतात. मला कुणी विचारलं तर मी कप विसळायला उठतो. आमच्या घरात दोन्ही गोष्टी होत्या आणि आम्हा दोघा भावांना नको तिथे ठेवलं होतं, हे त्या वादात कुठे बसवायचं?

एकोणपन्नास साली दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. आबा फार थकले होते. दुपारी आम्ही दोघं बांधावर बसलो असताना वरच्या आळीतला एक माणूस आला. त्याला दोन मुलगे. कुठला शाळेत घालू आणि कुठला घरी ठेवू, ते आबांनी सांगावं, असं त्याला वाटत होतं. आबांनी तंबाखूची चंची त्याच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "मला नगं इचारू. पोरांस्नी इचार जा."

त्या माणसाला ती थट्टा वाटली. तो हसला, तंबाखू मळून खाल्ली आणि गेला. आबा बराच वेळ बांधावरचं गवत उपटत राहिले.

"तुमा दोगांची पारख माजी चुकली न्हाई," ते म्हणाले. "त्यो शाना हुता, तू साधा. बरुबरच हुतं. पर तुमाला काय पायजे, हे इचारावं आसं माज्या मनातच आलं न्हाई कदी. त्येला काय पायजे हुतं, त्यो सांगून गेला. तू कवाच बोलला न्हाईस. तुला काय पायजे हुतं रं?"

घरातून निघालो तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला असता, तर मी ट्रंकेवरून खाली उडी मारली असती. आता मी मास्तर होतो, माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं.

"मला हितंच ऱ्हायाचं हुतं, आबा," मी म्हणालो. "मोट न्हाई जमली तर गवात कापलं आसतं. म्हसरं राखली आसती."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हादूकडे बघायचे तसं. "मग ऱ्हा की," ते म्हणाले.

मी राहू शकत नव्हतो आणि हे दोघांनाही माहीत होतं. मी "व्हय" म्हणालो. त्यांनीही मान हलवली. सुट्टी संपल्यावर मी पुण्याला आलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले.

गावाकडून पुण्याला आलेली माणसं अधूनमधून भेटतात. तिकडे राहिलेलेही कधी कोर्टाच्या, दवाखान्याच्या कामाला येतात आणि आमच्याकडे उतरतात. घराच्या आठवणी निघतात. कुणी नदीचं सांगतो, कुणी गुऱ्हाळाचं. मी ऐकत बसतो. मला घर म्हटलं की तो बांध आठवतो. तिथे माझा काही उपयोग नव्हता, हे ठाऊक असूनही आबांनी मला तिथे राहा म्हटलं. उशिरा का होईना, म्हटलं. म्हादूला मात्र त्या घरातून कुणी एकदासुद्धा जा म्हटलं नाही.