पवईच्या उतारावरची वरात

पासष्टच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी माझी बदली मुंबईच्या उपनगरातल्या एका आर्मी डेपोत झाली. डेपो कांदिवलीच्या बाजूला होता. मी नायक, रिकव्हरी सेक्शन. सिव्हिलियन माणसाला रिकव्हरी म्हणजे काय ते सांगावं लागतं. लढाईत गाड्या बंद पडतात, रुततात, उलटतात. त्या ओढून आणायच्या, हे आमचं काम. रायफल प्रत्येकाला असते. आमच्या हातात मात्र बहुतेक वेळ साखळी असायची.

आई-वडील घाटकोपरला होते. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणजवळ. घराजवळ पोस्टिंग मिळाली म्हणून आईने नारळ फोडला. रविवारी आउटपास मिळाला की मी घरी जेवायला जायचो आणि बहुतेक वेळा शेळकेलाही घेऊन जायचो.

लान्स नायक तुकाराम शेळके माझा जोडीदार. साताऱ्याकडचा, दुष्काळी गावातला. अंगाने बारीक, पण मनगटं लोहाराची. आईच्या हातची माशाची आमटी त्याने पहिल्यांदा खाल्ली तेव्हा काट्याला घाबरून तो नुसता रस्सा प्यायला. तिसऱ्या रविवारी डोकं मागून घेतलं. आई खूश.

आमचं रूटीन साधं होतं. सकाळी पीटी, मग गाड्यांची तपासणी, मग बाहेर कुठे गाडी बंद पडली असेल तर ती आणायची. दोन गाड्या एकमेकींना जोडल्या की पुढची मी चालवायचो आणि मागच्या, बंद गाडीत शेळके बसायचा. लोकांना वाटतं, काम पुढचा करतो. तसं नसतं. मागच्याच्या गाडीचं इंजिन बंद असतं, त्यामुळे ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग दोन माणसांचं बळ मागतं. समोर दिसते फक्त पुढच्या गाडीची पाठ. तरी दोर सैल पडू द्यायचा नाही, पुढच्यावर आदळायचं नाही, हे सगळं त्यानेच सांभाळायचं.

ती घटना एका मंगळवारची. मानखुर्दला आमची एक वन-टनर, म्हणजे एक टनी ट्रक, बंद पडली होती. मूव्ह ऑर्डर मिळाली: पवईवरून आग्रा रोडला उतरा, घाटकोपरवरून मानखुर्द गाठा, गाडी घेऊन परत या. त्या आठवड्यात सराव चालू होता, म्हणून रिकव्हरी लॉरीत वायरलेस सेटही होता. जेवून निघालो.

पवई तेव्हा मोकळी होती. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला झाडी, मधूनच इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारती. शेळके दर वेळी तलावाकडे बघून एकच वाक्य बोलायचा.

"एवढं पानी, आन् प्यायला कुनाला उपेग न्हाय."

त्या दिवशी वाक्य अर्ध्यावर राहिलं. चढावर, रस्त्याच्या ऐन मध्ये, एक बस आडवी उभी होती. टपावर पताका, खिडक्यांना कागदी फुलं. खाली बँडवाले वाद्यं घेऊन दगडांवर बसलेले. बायका लाल चौकड्यांच्या लुगड्यांत, केसात अबोली. मध्ये काळा सूट घातलेला एक तरुण घामाने भिजून उभा होता. बसचा ड्रायव्हर बॉनेट उघडून आत बघत होता आणि वाफेमुळे त्याला काही दिसत नव्हतं.

मी खाली उतरलो. बायकांतून एक ठेंगणी, जाड, साठीची बाई लंगडत पुढे आली.

"मिलिटरीवाला आहेस ना? मग ओढ ही गाडी."

ती नवऱ्या मुलाची आई, नाताल बाय. चारकोपच्या गावठाणातली. मुलगा इनास, जहाजावर कामाला. नवरी भांडुपच्या गावठाणातली. चार वाजता तिथल्या चर्चमध्ये लग्न होतं.

"आजचं उद्या करा," मी म्हणालो.

"उद्या राखेचा बुधवार. उद्यापासून आमचा उपासकाळ. चाळीस दिवस लग्न लागत नाही. आणि हा परवा जहाजावर चढणार, तो वर्षाने उतरणार. पोरगी वर्षभर काय करील? आधीच एकदा तारीख गेलीये, याचं जहाज उशिरा आलं म्हणून."

इनास खाली मान घालून उभा होता. म्हणाला, "ती म्हणाली होती, या खेपेला नाही आलास तर येऊच नको."

साकीनाक्याच्या गॅरेजवाल्याकडे त्यांनी माणूस पाठवला होता. क्रेन संध्याकाळी मिळेल, म्हणाला, आणि भाडं असं सांगितलं की त्यात दोन बस ठरल्या असत्या.

मी सेटवर गेलो. पलीकडे सुभेदार साहेब होते, पंजाबचे, कडक.

"वन, धिस इज टू. पवई में सिव्हिल बस खडी है। शादी की पार्टी है। मदद माँग रहे हैं। ओव्हर."

"टू, सिविलियन को फौजी गाडी में नहीं बिठाना। ओव्हर."

"बिठाना नहीं है साहब। टो करना है। बस ने रास्ता रोका हुआ है। ओव्हर."



"रास्ता रोका है तो क्लिअर करो। कहाँ तक क्लिअर करना है, वो मौके पर तुम देखो। आउट."

शेळकेने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मिशीखाली हसू होतं. "क्लिअर भांडुपपतुर करायचं का, उस्ताद?"

"दोर बांधा नि ओढा," नाताल बाय म्हणाली. "त्यात विचार कसला?"

विचार होता. चढावर दोर चालतो. स्वस्त, हलका, क्षणात बांधून होतो. पण दोराला फक्त ओढता येतं, धरून ठेवता येत नाही. माथा ओलांडून उतार लागला की मागची बस सरळ माझ्या लॉरीवर येणार. साखळीचं तेच, वर हिसका बसला तर बसचा बंपर हातात. आमच्या लॉरीच्या क्रेनने बसची पुढची चाकं उचलून न्यायची तर भरलेल्या बसचं ओझं लॉरीच्या शेपटीवर येणार, लॉरीची पुढची चाकं हलकी होणार, आणि उतारावर स्टिअरिंग ऐकणार नाही. राहिला टो-बार, लोखंडाचा दोन पायांचा सांगाडा. तो ओढतोही आणि धरतोही. पण त्याचे पाय अडकवायला समोर दोन कड्या लागतात. लष्करी गाडीला त्या असतात. बसला नव्हत्या.

शेळके बसखाली शिरला. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते. बाहेर आला तेव्हा युनिफॉर्म काळा झाला होता.

"बंपरमागं चासीची दोन टोकं हायत. बार साखळीनं आवळतो. धरल."

"नक्की?"

"न्हाय धरलं तर मी हायेच की आत."

माथ्यापर्यंत दोराने ओढलं. तिथे थांबून बार जोडला. मी वऱ्हाडाला सांगितलं, ओढलेल्या गाडीत ड्रायव्हरशिवाय कुणी बसायचं नाही. सगळ्यांनी उतार चालत उतरायचा. बँडमास्तर म्हणाला, चालायचंच आहे तर वाजवत चालू. त्यांनी क्लॅरिनेट, ढोल आणि मडक्यासारखं घुमट सुरू केलं. अशी वरात पवईने पाहिली नसेल. पुढे लष्कराची लॉरी, तिला बांधलेली फुलांची बस, आणि मागून नाचत उतरणारं वऱ्हाड. इनासने कोट काढून खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या पुढे झाला.

आमचे इशारे ठरलेले होते. एक हॉर्न, सावकाश. दोन हॉर्न, थांब. लांब हॉर्न, काहीतरी बिनसलंय.

निम्मा उतार दुसऱ्या गिअरमध्ये नीट गेला. मग लांब हॉर्न वाजला.

त्याच क्षणी लॉरीची पाठ उजवीकडे ढकलली गेली. आरशात बघितलं. बारचा एक पाय सुटला होता आणि बस एका पायावर वाकडी चालली होती. माणसाचा पाय अशा वेळी आपोआप ब्रेकवर जातो. माझाही गेला. मी तो उचलून घेतला. ब्रेक मारला असता तर बस आडवी होऊन उलटली असती, आणि आत शेळके होता. मी उलट किंचित वेग दिला, म्हणजे बार ताणलेला राहील. बाकी सगळं मागच्या माणसावर होतं.

त्याने हँडब्रेक एकेक दात करून ओढला. एकदम ओढला असता तर चाकं घसरली असती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून बस डावीकडे, डोंगराच्या बाजूच्या मुरमाच्या बांधाला नेली. चाकं मुरमात घुसली. पत्रा दगडाला घासत गेला, कागदी फुलं उडाली. मला मागून ओढ जाणवली. मी तिच्याबरोबर सावकाश थांबलो.

मी धावत गेलो. शेळके स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. कपाळावर खोक, रक्त भुवईपर्यंत आलेलं.

"ठीक?"

"ठीक." मग त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. "पॅसेंजर हाय."

शेवटच्या बाकावर नाताल बाय बसली होती. मांडीवर नवरीच्या साडीचा पेटारा, हातात जपमाळ.

मी माझ्या उभ्या नोकरीत सिव्हिलियन माणसावर एकदाच ओरडलो. ते त्या दिवशी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझे पाय चालत नाहीत रे बाबा. सांगितलं असतं तर तू नेलीच नसती. आणि हा पोरगा," तिने शेळकेकडे बोट केलं, "त्याने आरशात बघितलं मला. ओरडला नाही. म्हणाला, मावशी, बसलाच हायसा तर घट्ट धरा. मी धरलं."

"आन् देवाचं नाव दोघांच्या वाटचं घ्या म्हटलं," शेळके म्हणाला. "मला येळ नव्हता."

नाताल बाय हसायला लागली. मग मीही. बँड धापा टाकत येऊन पोचला तेव्हा आम्ही तिघं बसच्या पायरीवर बसून हसत होतो आणि इनास आमच्याकडे वेड्यासारखा बघत होता.

या वेळी साखळी थेट अ‍ॅक्सलला आवळली, दोन वेढे जास्त. शेळकेच्या कपाळावर फील्ड ड्रेसिंग बांधली. मी म्हणालो, आता मी मागे बसतो. तो म्हणाला, "उस्ताद, या बशीची आन् माझी आता वळख झालीया." बसला तोच. नाताल बायला मात्र चार जणांनी हातांच्या खुर्चीत बसवून पायथ्यापर्यंत उतरवलं.

आग्रा रोड लागला. मानखुर्द उजवीकडे होतं. आम्ही डावीकडे वळलो.

चालत्या वऱ्हाडाच्या वेगाने चर्चच्या अंगणात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. नवरी पायरीवर उभी होती, हातात फुलं. फादर आत-बाहेर करत होते. तिने आधी लॉरी पाहिली, मग तिच्यामागे ओरबाडलेली बस, मग कोट खांद्यावर टाकलेला, धुळीने माखलेला इनास. जवळ जाऊन तिने त्याचा टाय सरळ केला.

"मागच्या खेपेला जहाज, या खेपेला बस बुडवलीस?"

घंटा वाजली. सगळे आत गेले. आम्ही दाराशी, टोप्या काढून उभे राहिलो. लग्न लागलं आणि बाहेर बँड सुरू झाला. तेवढ्यात लॉरीतून सेट बोलू लागला.

"टू, लोकेशन बताओ। ओव्हर."

"वन, रोड क्लिअरन्स जारी है साहब। ओव्हर."

"पीछे बाजा कैसा बज रहा है? ओव्हर."

मी शेळकेकडे बघितलं. तो आकाशाकडे बघत होता.

"शादी हो गयी साहब। ओव्हर."

मग आवाज जरा मऊ आला. "हमारी तरफ से शगुन दे देना। आउट."

शगुन म्हणून शेळकेने खिशातला नवा रुमाल काढून इनासच्या हातात ठेवला. दुसरं काही नव्हतं. ऑन ड्यूटी असल्यामुळे आम्ही पंगतीला बसलो नाही. नाताल बायने पातेलंभर आंबट-तिखट इंद्याल मटण आणि पिठाचे गोळे तळून केलेल्या गरम फुग्या लॉरीत चढवल्या. मानखुर्दला वन-टनरच्या ड्रायव्हरने आधी शिव्या दिल्या, मग पातेलं पुसून खाल्लं.

त्यानंतर चारकोपला आमचं जाणं-येणं सुरू झालं. नाताल बाय शेळकेला "माझा ड्रायव्हर" म्हणायची. त्याने तिला साताऱ्याचा घेवडा आणून दिला. तिने त्याच्या आईसाठी सुके बोंबील पाठवले. आईने ते वासावरूनच शेजारी देऊन टाकले, असं त्याने आम्हाला हसत सांगितलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पश्चिम सरहद्दीवर होतो. दारूगोळ्याची एक लॉरी ओढ्यात रुतली होती. दुपारची वेळ, गोळाबारी चालू. मी पुढे, शेळके मागे. लॉरी निघाली. ओढ्याच्या काठावर चढली आणि गोळा तिच्या डाव्या अंगाला पडला. लॉरी वाचली. तिच्यातला दारूगोळा संध्याकाळी तोफांपर्यंत पोचला. शेळके गेला. मी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर होता.

सुट्टी मिळाल्यावर आधी साताऱ्याला गेलो, मग चारकोपला. नाताल बायला सांगितलं. तिने जपमाळ हातात घेतली. मग त्याच्या आईचं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, आणि रँक विचारली. तिच्यासोबत मी पोळी खाल्ली आणि परतलो.

नोव्हेंबरात तिचा निरोप आला, दोन तारखेला ये. त्या दिवशी ते लोक आपल्या मृतांची आठवण करतात. मी गेलो. चर्च भरलेलं होतं. इनास जहाजावर होता. त्याची बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. फादर गावातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचत होते. पास्कल. मार्था. जुझे. ठरावीक लयीत एकेक नाव येत होतं.

"तुकाराम शेळके," फादरनी वाचलं.

पहिल्या बाकावरून नाताल बाय काठीवर जोर देऊन उभी राहिली.

"लान्स नायक," ती मोठ्याने म्हणाली.

फादर थांबले. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लान्स नायक तुकाराम शेळके," त्यांनी पुन्हा वाचलं.

मी सावधान उभा राहिलो. सगळं चारकोप एका आवाजात म्हणालं, "प्रभू, त्याला चिरशांती दे."