कोरड्या घराचा अर्व्हिड

अर्व्हिड लुंडीनच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते. ज्यांच्या कॅम्परमध्ये पाणी शिरलंय ते, आणि ज्यांना अजून त्याचा पत्ता लागलेला नाही ते. स्वतःला तो तिसऱ्या प्रकारात धरायचा आणि त्या प्रकारात तो एकटाच होता.

नदीच्या वळणावरचा आमचा तळ म्हणजे वीसेक कॅम्परांची वस्ती. ट्रकच्या पाठीवर चढवायच्या जुन्या खोल्या त्या, बहुतेक साठच्या दशकातल्या. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि ट्रकच्या केबिनच्या टपावर पुढे आलेला पलंग. एके काळी ही मंडळी सॅमन मासे धरायला आठवडाभर यायची. मग कोणाची लाकडाची गिरणी बंद पडली, कोणाचं लग्न मोडलं, कोणी नुसताच म्हातारा झाला आणि आठवडा काही संपेना. कॅम्पर पिंपांवर टेकवायचा, खालून ट्रक काढून घ्यायचा आणि राहायचं. पॅसिफिकच्या या काठाला पाऊस ऑक्टोबरात येतो तो मे महिन्यापर्यंत पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही. अशा ठिकाणी पत्र्यात गुंडाळलेल्या लाकडात राहणं म्हणजे पाण्याशी जन्माचं भांडण. खिडकीच्या कडेची चिकटपट्टी सुकली, एक स्क्रू गंजला, की थेंब आत शिरलाच. बाहेरून पत्रा चकाकत असतो आणि आत लाकडाचा ओला पाव होत असतो.

म्हणून आमच्याकडे टोचणी असायची. मे महिन्यातल्या पहिल्या कोरड्या रविवारी अर्व्हिड आपला टोचा घेऊन निघायचा. जन्मभर होड्या बांधलेला माणूस, बोटं खुंट्यांसारखी. प्रत्येक कॅम्परच्या कोपऱ्यावर आधी बोटाच्या पेरानं ठकठक करायची, कान लावायचा, मग खालच्या अंगानं लाकडात टोचा रोवायचा. अडला तर नुसती मान हलवायची. आत गेला तर मात्र सगळ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल. ज्याचं लाकूड सगळ्यात मऊ निघेल त्यानं अख्ख्या तळाला नाश्ता घालायचा, धिरडी आणि डुकराचं खारं मांस, पोटभर. मग उन्हाळाभर अर्व्हिड त्याचा पत्रा उकलायचा, कुजकी पट्टी कापून नवी जोडायचा, पत्रा परत असा बसवायचा की जोड शोधून सापडू नये. पैसे घ्यायचा नाही. वसुली सगळी टोमण्यांत.

"ओपल, तुझ्या ह्या कोपऱ्यात टोचा गेला नाही, पडला," तो ओरडायचा. "आतून कुणी ओढून घेतल्यासारखा!"

ओपल केचम ही त्याची शेजारीण. मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं मासे चिरून झालेली, दोन नवरे पुरून झालेली, आणि तळावर कोणाची चूल कधी पेटली हे त्या चुलीच्या आधी जिला कळायचं अशी. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "माझ्या वयाच्या बाईला असं चारचौघांत टोचून बघतोस, लाज नाही वाटत मेल्या?"

"तुझ्या वयाच्या बाईलाच बघावं लागतं. तरण्यांचं वाजवलं तरी कळतं."

सगळे खिदळायचे. मग मर्ल, जंगलात झाडं तोडताना दोन बोटं गमावलेला, दरवर्षीचा प्रश्न टाकायचा. "आणि तुझं कोण टोचणार रे, अर्व्हिड?"

"माझं? माझं लाकूड इतकं कोरडं आहे की टोचा मोडेल. मग तुमचं कोण बघणार?"

हे उत्तरही दरवर्षीचंच. त्याचा कॅम्पर होताच तसा देखणा, पांढरा शुभ्र, कडेला निळी पट्टी. दर वसंतात नवा रंग. तळावर नवीन कोणी आला की आधी त्याला अर्व्हिडचं घर दाखवायचे, मग संडास.

खरी गोष्ट अर्व्हिड एकट्यालाच माहीत होती. निदान त्याची तशी समजूत होती.

त्याची बायको सिग्नी आजारी पडली त्या शरद ऋतूत त्यानं खिडक्यांच्या कडा भरल्या नाहीत. आयुष्यात एकदाच. ती टपावरच्या पलंगावर खोकत पडलेली, हा खाली सूप ढवळतोय, शिडीवर चढायला उसंत कुठली? पाणी तिच्या उशाशीच शिरलं असणार. फेब्रुवारीत ती गेली. मे महिन्यात टोचणीच्या आदल्या दिवशी त्यानं आपल्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला अंगठा लावला आणि अंगठा पेरापर्यंत आत गेला. दुरुस्त करायचं तर पलंग फोडावा लागणार होता. तो पलंग त्याच्यानं फोडवला नाही. त्यानं रंगाचा डबा आणला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा टोचा घेऊन लोकांची लाकडं तपासली, आणि मर्लला नेहमीचं उत्तर दिलं. एकदा दिलेलं उत्तर पुढच्या वर्षी बदलता येत नाही. असं करत नऊ वर्षं गेली. कूज कोपऱ्यातून खाली उतरली, तळाशी पसरली. पावसाळी दिवसांत आत भूछत्रांचा वास सुटायचा तेव्हा तो मुद्दाम कांदा परतायचा.

मग सप्टेंबरात तळाच्या मालकिणीचा मुलगा आला. म्हातारी वारली होती आणि जमीन विकली गेली होती.

"ऑक्टोबर संपेपर्यंत रिकामं करा," तो गाडीतून न उतरताच म्हणाला. "जे ट्रकवर चढेल ते तुमचं. जे जमिनीवर राहील त्यावर बुलडोझर जाईल. मी आधीच सांगून ठेवतोय, मागून रडू नका."

मर्लच्या चुलतभावाचं एक शेत नदीच्या वरच्या अंगाला पडीक होतं. सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं, सगळं बिऱ्हाड जसंच्या तसं. अर्व्हिडनंही मान डोलावली. घर उचललं गेलं तर तो या माणसांबरोबर जाणार. नाही गेलं, तर गावातला सरकारी वृद्धाश्रम. तिथं त्यानं आपल्या भावाला शेवटची दोन वर्षं बघितलं होतं, गळ्याला फडकं बांधून टीव्हीपुढं बसवलेला, टीव्ही बंद असला तरी.

कॅम्पर उचलायची आमची रीत ठरलेली. चार कोपऱ्यांना चार जॅक, चार जॅकांना चार माणसं. पाचवा मोजतो आणि चौघं एकदम हात फिरवतात, म्हणजे घर सपाट वर येतं, पिळवटत नाही. मग ट्रक मागं मागं घेत खाली सरकवायचा. उचलताना सगळे गप्प असतात, कारण लाकूड बोलतं ते ऐकायचं असतं. अर्व्हिडला नेमकी त्याचीच धास्ती होती. चार जोडी कान, आणि चारही त्यानंच तयार केलेले.

एकेक घर उठत गेलं. ओपलचा पिवळा कॅम्पर उठला तेव्हा त्याच्या नव्या पट्ट्या कर्र असं वाजल्या, आणि ओपलनं अर्व्हिडच्या गालाचा मुका घेतला. "बघ कशी वाजतेय! तरणी झाले मी."

"आता तुझा नंबर," मर्ल अर्व्हिडला म्हणाला. "उद्या सकाळी आम्ही चौघं येतो."

"माझं मी बघेन."

"नऊ वर्षांत हलवलं नाहीस. एकट्यानं कसं..."

"होड्या उचलल्यात मी एकट्यानं. तुझ्या आठ बोटांची मदत नको मला."

मर्ल पुढं काही बोलणार तोच ओपलनं त्याच्या बुटावर पाय दिला. चांगला जोरात दिला. अर्व्हिडला ते दिसलं. पण त्याचा अर्थ लावायचा तर बरंच काही मान्य करावं लागलं असतं, म्हणून त्यानं लावला नाही.

गुरुवारी दुपारी चर्चमध्ये सामुदायिक जेवण असायचं. सगळा तळ ट्रकांत बसून गेला. अर्व्हिडनं पोट बिघडल्याचं सांगितलं. ओपल थोडा वेळ त्याच्या दारात उभी राहिली, म्हणाली, "तुझ्यासाठी ताट झाकून आणते. काही उद्योग करू नकोस, म्हाताऱ्या." आणि गेली.

तळ रिकामा झाला तसा त्यानं जॅक लावले. डाव्या कोपऱ्यावर त्यानं आधीच एक लोखंडी पट्टी लांब बोल्टांनी आवळून ठेवली होती. दुसऱ्या कोणी असलं काम केलं असतं तर त्यानं वर्षभर त्याची खिल्ली उडवली असती. बोल्टांनी धरायला लाकूड हवं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण तो स्वतःला समजावत राहिला. आतला थोडा भाग शाबूत असेल. कोपरा धरेल. एकदाच तर धरायचाय.

एका कोपऱ्याला दोन फेरे, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. चौथ्याला अगदी हळू. पुन्हा पहिल्याला. गुडघे दुखत होते. पाऊस थांबलेला, नदीवरून धुकं येत होतं. आणि घर उठलं! पिंपांच्या आणि घराच्या बुडाच्या मध्ये उजेडाची रेघ दिसली, मग ती हातभर झाली. अर्व्हिड कितीतरी वेळ त्या उजेडाकडे बघत राहिला. तो हसलासुद्धा असेल. मग त्यानं एकेक पिंप बाहेर लोटलं, ट्रक चालू केला आणि मागं घ्यायला लागला.

मधे एक जाड ओंडका आडवा होता. पिंपांखाली टेकण म्हणून कधी काळी त्यानंच घातलेला, चिखलात रुतलेला. ट्रक त्याला अडला. तिथं दुसरा कोणी असता तर त्यानं दोर बांधून लांबून ओढला असता, आणि अर्व्हिडनंच त्याला तसं बजावलं असतं. पण जेवण संपत आलं असणार. चर्चमधून परतायला किती वेळ लागतो? तो खाली उतरला आणि ओंडक्याला पहार लावायला घराखाली वाकला.

कोरडं लाकूड मोडताना ओरडतं, माणसाला उडी मारायला सवड देतं. हे ओरडलं नाही. ओल्या गवतावर कोणी पाय ठेवावा तेवढाच आवाज झाला. लोखंडी पट्टी, बोल्ट, जॅक सगळं जागच्या जागी उभं राहिलं आणि त्यांच्यातून घर खाली आलं.

सगळे चर्चमधून परतले तेव्हा ओपलच्या हातात झाकलेलं ताट होतं. ते तिनं कुठं टाकलं ते नंतर कोणालाच सापडलं नाही.

अर्व्हिड शुद्धीवर होता. उजवा पाय मांडीपासून घराखाली, तोंड चिखलात. वर उचलायला काही धड उरलंच नव्हतं, ज्याला जॅक लावावा ते हातात येत होतं. शेवटी मर्लनं कुऱ्हाड आणली आणि पांढऱ्या पत्र्यावर, निळ्या पट्टीच्या बरोबर खाली, घाव घातला. अर्व्हिडनं तो घाव ऐकला. कुऱ्हाड लाकडावर आपटली नाही, रुतली. मर्लनं पत्रा मागं सोलला आणि आतलं काळं, भिजलेलं, बोटांनी उकलेल असं सगळं चुरा होऊन अर्व्हिडच्या पाठीवर पडायला लागलं. आजूबाजूला पंधरावीस माणसं उभी होती. आमच्या तळावर एवढी माणसं जमून एवढी शांतता झाली ती तेवढ्या एकाच वेळी.

अर्व्हिडनं डोळे मिटून घेतले. त्या वेळी मेलो तर बरं असं त्याला वाटलं, पण तशी सोय झाली नाही.

पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तो नीट बोलायला लागला तोवर ऑक्टोबर संपत आला होता, आणि वृद्धाश्रमातली खाट त्याच्या नावावर झाली होती. ओपल भेटायला आली ती दुपारची, अंगात पावसाळी कोट, हातात डबा, आणि डब्यात 'पाय' म्हणतात ती फळं भरून भाजलेली गोड पोळी. एकाच पायाच्या माणसाला पाय आणला म्हणून ती स्वतःच आधी हसली असती, पण त्या दिवशी ती डबा नुसता टेबलावर ठेवून खुर्चीत बसली.

"जॅक," ती म्हणाली. "मर्लनं सगळं तपासलं. जॅकचा दात तुटला. हलका माल, दुसरं काय?"

अर्व्हिड छताकडे बघत होता. ते जॅक त्याच्या बापाचे. चाळीस वर्षं त्यानं दर महिन्याला त्यांना तेल दिलं होतं. त्या सबंध घरात तेवढीच एक गोष्ट धड होती.

"जॅक," तो म्हणाला.

"तर काय. सगळे तेच म्हणताहेत. मालकिणीचा तो पोरगा आला होता, त्यालाही मी सांगितलं. असलं घर, म्हटलं, आणि जॅकनं घात केला."

"आणि लाकूड?"

ओपल कोटाच्या बटणाशी चाळा करत होती. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. ती जवळ वाकली तशी तिच्या कोटातून, केसांतून धूर आला. आंबट, कुबट, घशाला चिकटणारा धूर. अर्व्हिडनं हयातभर होड्यांची कुजकी लाकडं जाळली होती. त्याला कळलं. असलं लाकूड पेटत नाही, दिवसरात्र धुमसत राहतं, आणि कोणीतरी जवळ बसून त्याला फुंकत, परतत राहावं लागतं. बुलडोझर यायच्या आत, कोणाच्या नजरेला पडायच्या आत त्या सगळ्यांनी त्याच्या घराचं हाडन्‌हाड जाळलं होतं. किती दिवस बसले असतील?

"लाकूड ना," ओपल म्हणाली, "कोरडं ठणठणीत रे. आम्ही शेकोटी केली त्याची, जाताना. भुर्रकन पेटलं. बघता बघता राख."

खिडकीबाहेर पाऊस लागला होता. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब आत आला होता आणि भिंतीवरून सरकत होता.

"म्हटलं होतं ना मी तुम्हाला," अर्व्हिड म्हणाला.

"म्हटलं होतंस."

"दरवर्षी म्हणत होतो."

"हो रे बाबा. दरवर्षी."

तिनं त्याच्या उशाशी टोचा ठेवला, घासूनपुसून, दांड्याला नवी दोरी गुंडाळलेला. मे महिन्यात मर्ल ट्रक घेऊन तुला न्यायला येईल, टोचणीला, असं ती म्हणाली. तो हो म्हणाला. ती गेल्यावर परिचारिका आली, टोकदार वस्तू इथं चालत नाहीत म्हणाली, आणि टोचा घेऊन गेली. अर्व्हिडनं तिला अडवलं नाही. खिडकीचंही तो काही बोलला नाही.