नाकातली अफवा

आमचे शेजारी मिलच्या ऑफिसात बडे बाबू होते. मिलला कुलूप लागलं, तरी ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी जायचे आणि तिथे ताटकळणाऱ्या कामगारांना बोट नाचवत सांगायचे, "भिया, अफवा नका फैलवू. आतून सगळं ठीक आहे." दुपारी तिथल्याच बाकावर तोंड उघडं टाकून घोरायचे. माश्या चेहऱ्यावर खुशाल बसायच्या.

पुढे त्यांच्या नाकातून असा घाण वास यायला लागला, की लोक वाऱ्याची दिशा बघून त्यांच्याशी बोलत. त्यांना स्वतःला मात्र पत्ताच नव्हता. शेवटी नाकातून रक्त आलं, तेव्हा मी त्यांना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाकात टर्पेंटाइन सोडलं आणि चिमट्याने वळवळत्या अळ्या काढून ट्रेमध्ये टाकल्या.

"बाबूजी, इतके दिवस बास नाही आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला तर नाही आली. मोहल्ल्यातले म्हणायचे, पण लोकांचं काय घेऊन बसलात!"

दवाखान्यातून सुटी मिळाली त्याच दिवशी, नाकात पट्टी कोंबलेली असताना, बाबूजी फाटकावर हजर झाले. बोट वर करून गेंगाण्या आवाजात म्हणाले, "भिया, आतून सगळं ठीक आहे."

अळ्यांची बातमी फाटकापर्यंत पोचलीच होती. कामगारांनी त्यांच्या नाकाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच न ताटकळता घरचा रस्ता धरला.