ओवाळणारा हात

विजेवर इतका अविश्वास असलेला माणूस रोह्यातच काय, अख्ख्या रायगडात दुसरा झाला नाही, असं मी आमच्या व्याह्यांबद्दल छातीठोक सांगतो. मी चौथी शिकलो, पण माणसं बरोबर ओळखतो. व्याही जन्मभर कंपनीत वायरमन; खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, आणि नवरदेवाचे हे वडील मांडवाच्या खांबाला टेस्टर लावून बघतायत! "करंट उतरलाय का बघतो," म्हणे. संपलेले सेल गच्चीवर पापडांशेजारी उन्हात वाळत घालायचे. चौकोनी सेल तर जिभेला लावून कैरीसारखी चव घ्यायचे नि सांगायचे, "ह्यात अजून जीव हाय."

रिटायर झाल्यावर त्यांनी रोबोट करायला घेतला, त्याला कारण घरातलंच. त्यांच्याकडे गणपतीची पहिली ओवाळणी घरच्या बाईची, पुरुष मागून. विहीणबाईंचा हात थरथरायला लागला होता. ओवाळताना बांगड्या सारख्या किणकिणायच्या. एका वर्षी निरांजन ताम्हनातून पाटावर पडलं, आणि त्या पुढे आरतीला उभ्याच राहीनात. व्याही म्हणाले, "तुला दुसरा हात करून देतो." प्लायवूडचं धड, पाइपाचा हात, सांध्यासांध्याला सर्वो, म्हणजे सांगू तेवढंच वळणाऱ्या छोट्या मोटरी. मनगटात बाईंच्याच हिरव्या बांगड्या.

मूर्ती दरवर्षी मीच पेणहून न्यायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही. त्या वर्षी पोचलो तर यंत्र बाईंपेक्षा जास्त कापत होतं. "ह्यापरीस माझाच बरा व्हता गो!" त्या माझ्या मुलीला म्हणाल्या. मोटरींना वीजच पुरत नव्हती. दोन एकदम वळल्या की पेन्सिल सेल दमायचे. चौकोनी सेल चवीला झणझणीत, पण अंगात जोर नाही. घरची लाइन तर व्याह्यांना नकोच. "ऐन आरतीत लाइट गेली तर देवासमोर हात लटकंल!"

मी म्हटलं, "स्कूटरची बॅटरी लावा."

"बारा व्होल्ट हाय ती, व्याही. मोटर सहाची."

"एवढे वायरमन असून घाबरता?"

लावली. धूर निघाला. ती मोटर मुळातच खराब होती, हे मी आजही सांगतो. शेवटी बॅटरी माझ्याच म्हणण्याची राहिली. मोटर नवी आली आणि मधे व्होल्ट उतरवणारी पट्टी तेवढी त्यांनी घातली.

आरतीला हात उचलला गेला, ताम्हन सावकाश फिरलं, निरांजन जागचं हललं नाही. विहीणबाई आपण होऊन पुढे आल्या आणि आपला हात त्या पाइपाच्या कोपरावर ठेवला. व्याही टेस्टर घट्ट धरून उभे. टाळ्या वाजवायच्या विसरले.

असे काही गणपती झाले. मग विहीणबाई गेल्या.

वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या गणपतीला मी मूर्ती घेऊन गेलो. आरती सुरू झाली आणि हात लटलट कापायला लागला. वाकून बघतो तर बॅटरी कोपऱ्यात काढून ठेवलेली, तिच्या जागी पेन्सिल सेल, तेही गच्चीवर वाळवलेले.

"अहो, बॅटरी लावा! निरांजन पडंल!" मी ओरडलो.

व्याह्यांनी टाळी थांबवली नाही. "नाय पडायचं. कणकेच्या गोळ्यात बसवलंय," ते म्हणाले. "पहिली ओवाळणी तिची हाय, व्याही. होऊ द्या तिच्यासारखी."

मी कुणाचं ऐकून गप्प बसणारा माणूस नाही. पण तेवढ्यात बांगड्या किणकिणल्या. बॅटरीवर त्या कधी वाजल्याच नव्हत्या.