शुभेच्छुक

नगरात कुणाकडे पैसे मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "विषय काय?" शहराचं नाव बदललं, हा प्रश्न बदलला नाही. गणपती सांगा, सप्ताह सांगा, कुस्त्या सांगा, हात खिशाकडे जातो. मी सांगायचो, "सिनेमा आहे. वसतिगृहातली दोन पोरं आहेत. समलिंगी." मग खिशाकडे निघालेला हात वाटेतच कान खाजवायला लागायचा.

मी लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. दर सीझनला कुठल्या तरी मांडवात कुणी तरी मावशी मला विचारतेच, "तुमचं कधी?" माझं कधीच नाही, हे मला शाळेतच कळलं होतं. ते वय मी ज्या भीतीत काढलं, त्यावर आयुष्यात एक तरी सिनेमा करायचा होता. दुसऱ्यांच्या लग्नांवर जेवून मी तो लिहून काढला.

हिरो मिळाला तो पाथर्डीकडच्या एका वाडीतला. नगरला कॉलेजात होता, एकांकिका स्पर्धेत मी त्याला पाहिलं. पटकथा वाचून झाल्यावर तो बराच वेळ पानं नीट करत बसला आणि म्हणाला, "सर, हे तुमाला कुनी सांगितलं?" आम्हा दोघांनाही कळायचं ते कळलं.

तालमीत त्याची एकच खोड होती. संवाद म्हणता म्हणता नजर कॅमेऱ्याकडे जायची. मी चिडायचो. "हे काय लग्न आहे का? कॅमेरा नाहीच असं समज." तो मान डोलवायचा आणि पुन्हा बघायचा.

मग एक दिवस त्याने घरचं सांगितलं. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. यंदा वडिलांची पाठ गेली, त्यामुळे आईचा कोयता अर्धाच राहिला. तो अर्धा मुलाने भरून काढला असता, पण घरच्यांनी त्याहून पुढचा विचार केला. पोराचं लग्न लावून टाकलं तर सून येते आणि घरातून दीड कोयता जातो. पोराचं वय बसतं का, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. सिनेमाचं मानधन घरी गेलं तर यंदा तो नगरलाच राहील आणि लग्न टळेल, एवढाच त्याचा हिशोब होता. "दिवाळीच्या आत कायतरी करा सर," तो म्हणाला. "कोयत्याला मी भीत न्हाई. लगीन तेवडं टाळा."

तेव्हापासून माझा सिनेमा माझा राहिला नाही. मी वेड्यासारखा फिरलो. एका संस्थाचालकाने सांगितलं, शेवटी पोरं सुधारतात असं दाखवा, लगेच देतो. आमच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी डोळे मिटून माझ्यासाठी मनापासून प्रार्थना केली आणि डोळे उघडल्यावर पावसापाण्याचं बोलायला लागले. एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर मला व्यसनमुक्तीवाला समजून चहा पाजला गेला. मोबाईलवर आवाहन टाकलं, तर थोडेफार आले, पण प्रत्येकाची अट एकच, नाव टाकू नका. जिथे देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव रंगवून घेतात, त्या जिल्ह्यात मला सगळं गुप्तदान! हसू यायला हवं होतं. मी मोटारसायकल रस्त्याकडेला लावून रडलो. दसरा गेला. पोराचा फोन आला की मला उचलायची भीती वाटायची.

शेवटी नागापूरच्या एमआयडीसीत एक वर्कशॉपवाले भेटले. मूळचे पाथर्डीकडचेच, हाताला ग्रीस, बोलणं रोखठोक. विषय ऐकून त्यांनी लेथ बंद करायला लावली. "माझ्या पुतन्याचं असंच हुतं," ते म्हणाले. नंतर डोळे पुसून म्हणाले, "कुनीतरी बोललं पायजे. पैशाचं मी बगतो." हिरो कोण म्हणून त्यांनी विचारलं. आपल्याच भागातला म्हणून मी वाडीचं नाव सांगितल्यावर तर त्यांना भरून आलं. "पोराचा फोटू पाठवा, बगू तरी." मी पाठवला. त्या दिवशी घरी येताना मी गाडीवर मोठ्याने गात होतो, आणि मला गाता येत नाही.

पैसे आले. आणि त्याच दिवशी वाडीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला.

आमच्याकडे माणसाचं कौतुक करायचं म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस असो, फौजेत भरती असो, नाहीतर ग्रामपंचायतीचा निकाल. त्या भल्या माणसाने कसलीच कसर ठेवली नव्हती. पोराचा फोटो माणसाहून मोठा, डोक्यामागे सूर्याची किरणं. खाली लिहिलेलं, 'समलिंगी मुलांच्या जीवनावरील चित्रपटाचे नायक, आपल्या गावचे सुपुत्र, यांचे हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात हात जोडलेले ते स्वतः, शुभेच्छुक. साऱ्या जिल्ह्यात हा एकच माणूस नाव लावायला तयार झाला, आणि त्याने ते तिथे लावलं.

मी फोनवर त्यांच्यावर तुटून पडलो. ते गांगरले. "अहो, पोराला एकटं वाटू नये म्हनून लावला. आपल्या मागं कुनीतरी हाय, असं वाटावं त्याला." शिवी तोंडात आली होती, ती गिळली.

पोराला फोन लावला तर बंद. दोन दिवसांनी त्यानेच केला. आवाज अगदी सरळ. "सर, लगीन ठरलं. येत्या रविवारी. शूटिंगला तुमी या."

मी म्हणालो, मी येतो, तुझ्या घरच्यांशी बोलतो, पैसे आलेत, आपण थांबवू. त्याने मला पुरतं बोलूच दिलं नाही. "आता काय बोलू नका सर. तुमी बोललात तर फ्लेक्सवरचं खरं हुईल. लगीन झालं की लोक म्हनतील, पिक्चरच हुता."

मी गेलो. जायला नको होतं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. घरापुढे मांडव होता. लग्नानंतर लगेच निघायचं म्हणून तोडीचं सामान टेम्पोत भरून ठेवलेलं, आणि त्यावर घडी घातलेला फ्लेक्स. मी बघतोय हे पाहून आई जवळ आली. "फडात ऱ्हायाच्या कोपीवर टाकाया घेतलाय. जाड हाय, पानी येत न्हाई." मग तिने घडीचा कोपरा उचलला. तिला वाचता येत नव्हतं. "फोटू लई भारी आलाय बगा. खाली काय लिवलंय वो? इचारलं तर कुनी धड सांगतच न्हाई."

"अभिनंदन लिहिलंय," मी म्हणालो.

"व्हय ना?" ती खुलली, आणि पाहुण्यांकडे गेली.

मी कॅमेरा खांद्यावर घेतला. नवरी मान खाली घालून बसली होती. तिचं तर यात काहीच चुकलं नव्हतं. करवल्या ओरडत होत्या, "नवरदेव, कॅमेऱ्याकडं बगा!" इतक्या वर्षांच्या सवयीने मीही ओरडलो, "नवरदेव, इकडे बघा!"

त्याने बघितलं नाही. हार घालताना नाही, अक्षता पडताना नाही, नवरीला घास भरवताना लोक हसले तेव्हाही नाही. जिथे हसायचं तिथे तो हसला, जिथे लाजायचं तिथे लाजला. कॅमेरा नाहीच असं समजून त्याने सगळं केलं. इतकं चांगलं काम त्याने तालमीत एकदाही केलं नव्हतं.